तुम्ही विचारलंत म्हणून: कॅश आयसा कोणता घ्यावा?

ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडून मला वर्षभर, आणि मार्च महिन्यात तर जवळजवळ रोज, एकच प्रश्न येतो: "कॅश आयसा उघडायचा आहे, सध्या कोणाचा चांगला आहे?" आयसा (ISA) म्हणजे इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट, ब्रिटनमधले करमुक्त बचतीचे खाते; त्यात पैसे साध्या ठेवीसारखे राहतात तो कॅश आयसा. मी पगारपत्रकांच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे, परंतु त्याच्या उत्तराची सुरुवात बँकेच्या नावाने करू नये, असे माझे ठाम मत आहे. बँकांचे दर सतत वरखाली होतात. तुमचे उत्पन्न, पैसे लागण्याची वेळ आणि भारतात परतण्याचा विचार या गोष्टी मात्र तुमच्या स्वतःच्या आहेत, म्हणून निवड त्यांच्यावरून करावी आणि दर शेवटी पाहावा.

आयसाची योजना ६ एप्रिल १९९९ रोजी सुरू झाली. त्यातल्या व्याजावर ब्रिटनचा प्राप्तिकर लागत नाही आणि ते विवरणपत्रात दाखवावेही लागत नाही. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात एका प्रौढ व्यक्तीला सर्व प्रकारच्या आयसांत मिळून २०,००० पौंड भरता येतात, न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षात जात नाही, आणि खाते नेहमी एकट्याच्याच नावावर असते.

आता आयसा तुम्हाला हवा आहे का, हे आधी पाहू. २०१६ पासून साध्या बचत खात्यावरच्या व्याजालाही बऱ्यापैकी सूट आहे. प्राप्तिकराच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर लागत नाही, ४० टक्क्यांच्या टप्प्यात ही सूट ५०० पौंडांवर येते आणि ४५ टक्क्यांच्या टप्प्यात ती मिळतच नाही. व्याजदर चार टक्के धरला तर १,००० पौंड व्याज होण्यासाठी २५,००० पौंड शिल्लक लागते आणि ५०० पौंड होण्यासाठी १२,५००. म्हणजे तुमचा पगार ४०,००० पौंड असेल आणि बँकेत आठ-दहा हजार असतील, तर आयसामुळे यंदा तुमचा काहीही कर वाचणार नाही. याउलट पगार ६०,००० आणि शिल्लक ४०,००० असेल, तर व्याज १,६०० पौंड होते, त्यातले १,१०० करपात्र ठरतात आणि ४४० पौंड सरकारजमा होतात. अशा माणसाला आयसाचा दर साध्या खात्यापेक्षा अर्धा टक्का कमी असला तरी आयसाच परवडतो.

तरीही पगार वाढत जाणाऱ्या तरुणांना मी आयसा लवकर सुरू करायला सांगते. ४० टक्क्यांचा टप्पा ५०,२७० पौंडांपासून सुरू होतो आणि ही सीमा एप्रिल २०२१ पासून जागची हललेली नाही. पगार मात्र वाढतात, आणि सीमा ओलांडली का हे ठरवताना व्याजही उत्पन्नात धरले जाते. दरवर्षी थोडे थोडे आत टाकलेले पैसे पुढेही करमुक्तच राहतात. पाच वर्षांनी जाग आली तर एका वर्षात २०,००० पौंडांपलीकडे आत नेता येत नाही.

ज्यांचे उत्पन्न १,००,००० पौंडांच्या आसपास आहे त्यांच्यासाठी तर आयसाचे महत्त्व आणखी वाढते. ही रेषा ओलांडली की १२,५७० पौंडांची मूळ करसूट दर दोन पौंडांमागे एक पौंड अशी कमी होऊ लागते, आणि आईवडिलांपैकी एकानेही ती ओलांडली तर मुलांच्या पाळणाघरासाठीची टॅक्स-फ्री चाइल्डकेअर सवलत पूर्णपणे बंद होते. साध्या खात्यातले काहीशे पौंड व्याज एखाद्याला रेषेपलीकडे ढकलू शकते. आयसातले व्याज या हिशेबात धरलेच जात नाही.

पती-पत्नींचा हिशेब मात्र एकत्र बसून मांडावा, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. नोकरी न करणाऱ्या जोडीदाराचे दुसरे काही उत्पन्न नसेल, तर १२,५७० ची मूळ सूट, बचतीसाठीचा ५,००० पौंडांचा शून्य टक्के दर आणि आधी सांगितलेली १,००० पौंडांची सूट, असे एकूण १८,५७० पौंड व्याज साध्या खात्यातही करमुक्त असते. त्यामुळे काही रक्कम खरोखर त्यांच्या मालकीची करून त्यांच्या नावाच्या चांगल्या दराच्या साध्या खात्यात ठेवली, तरी कुटुंबाचा कर तितकाच वाचतो. डिपेंडंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीलाही स्वतःचा आयसा उघडता येतो, आणि आयसा ही सरकारी मदत नसल्यामुळे सरकारी मदत घेता येणार नाही या व्हिसावरच्या अटीचा (नो पब्लिक फंड्स) त्याच्याशी संबंध नाही.

यानंतर खात्याचा प्रकार. अडीअडचणीला लागणारे पैसे ईझी ॲक्सेसमध्येच, म्हणजे हवे तेव्हा काढता येणाऱ्या खात्यातच, असावेत. ठरावीक मुदतीचा फिक्स्ड आयसा दर पक्का करतो. त्यातूनही मुदतीआधी पैसे काढता येतात, पण तीन-सहा महिन्यांचे किंवा त्याहून अधिक व्याज दंड म्हणून जाते. जाहिरातीतल्या सर्वांत वरच्या दरात पहिल्या बारा महिन्यांचा बोनस मिसळलेला असतो का आणि वर्षातून किती वेळा पैसे काढू देतात, हे अटींच्या पानावर वाचूनच पुढे जावे. मी स्वतः फ्लेक्सिबल असा उल्लेख असलेल्या खात्यालाच प्राधान्य देते. २०,००० भरून त्यातले ५,००० काढले, तर फ्लेक्सिबल खात्यात ते त्याच करवर्षात परत भरता येतात; इतर खात्यांत ती जागा गेली ती गेलीच. घर घेण्याच्या बेतात असलेल्यांनी हा एक शब्द शोधल्याशिवाय अर्ज करू नये.

भारताशी असलेल्या व्यवहारांबद्दल दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. एनआरई ठेवींचे (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक ठेवींचे) व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून ते इथेही करमुक्त, हा पहिला. ब्रिटनच्या करनिवासी व्यक्तीचे ते व्याज इथे करपात्र असते आणि वर सांगितलेली १,००० किंवा ५०० पौंडांची सूट तेच आधी संपवून टाकू शकते, त्यामुळे अशा ठेवी असणाऱ्यांना आयसाची गरज वाटते त्यापेक्षा अधिक असते. एप्रिल २०२५ पासून, आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनचे करनिवासी नसलेल्या नवागतांना पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते, पण ती विवरणपत्रातून मागावी लागते आणि त्या वर्षी मूळ करसूट सोडावी लागते. दुसरा गैरसमज असा की आयसा जगात कुठेही करमुक्त राहतो. भारतात परतल्यावर खाते चालू ठेवता येते, नवी भर मात्र घालता येत नाही. तिथे तुम्ही पूर्ण अर्थाने निवासी झालात की त्या व्याजावर भारतीय प्राप्तिकर लागतो आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात खाते दाखवावे लागते. दोन वर्षांत परतायचे नक्की असेल तर आयसासाठी कमी दर पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही.

खाते उघडणे सोपे आहे: नाव, जन्मतारीख, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि स्वतःच्या नावाचे एक चालू खाते. आपल्याकडच्या लोकांचा अर्ज अडतो तो बहुधा नावावर. पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, पगारपत्रकावर त्याचे एक अक्षर उरते, कौन्सिल टॅक्सच्या बिलावर ते गायबच असते, आणि संगणकाला ही तीन माणसे वाटतात. म्हणून अर्जात चालू खात्यावर आहे तसेच नाव लिहावे. त्याचबरोबर मतदार यादीत नाव नोंदवावे. भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथे तो अधिकार आहे, आणि बँकांची ओळख-पडताळणी बऱ्याच अंशी त्या यादीवर चालते.

जुना आयसा दुसरीकडे न्यायचा असेल तर पैसे स्वतः काढू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. एका परिचितांनी चांगल्या दरासाठी जुन्या आयसातले ३८,००० पौंड चालू खात्यात घेतले आणि नव्या बँकेत त्यातले फक्त २०,००० भरता आले. उरलेल्या १८,००० चे करमुक्त स्थान कायमचे गेले. नव्या बँकेचा ट्रान्सफर फॉर्म भरायचा, त्यात जुना खाते क्रमांक द्यायचा आणि बाकीचे त्यांच्यावर सोडायचे. कॅश आयसाचे असे हस्तांतर कामकाजाच्या १५ दिवसांत व्हावे अशी अपेक्षा असते.

सुरक्षेचे म्हणाल, तर १ डिसेंबर २०२५ पासून एका बँकिंग परवान्याखालच्या ठेवींना माणशी १,२०,००० पौंडांपर्यंत हमी आहे. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड यांचा परवाना एकच आहे, हे मोठी रक्कम विभागताना लक्षात ठेवावे.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाल्याप्रमाणे एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालील व्यक्तींना कॅश आयसात वर्षाला १२,००० पौंडच भरता येतील, आणि त्याच वेळी साध्या खात्यांच्या व्याजावरचा कर प्रत्येक टप्प्यात दोन टक्क्यांनी वाढेल. ज्यांच्याकडे रोख शिल्लक मोठी आहे त्यांनी त्याआधीची २०,००० ची मर्यादा पुरी वापरावी. त्यासाठी ५ एप्रिलची वाट पाहू नये. नावाच्या पडताळणीत आठवडा सहज जातो, म्हणून अर्ज मार्चच्या मध्यापर्यंत गेलेला असावा.