320 हिरव्या गाड्या आणि माझी वही

बर्मिंगहॅमला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ती चोरीची गोष्ट कानावर आली. नोव्हेंबर 1993 मध्ये 40 आरए नंबरची एक लोटस कार्ल्टन चोरीला गेली आणि त्या गाडीतून टोळीनं या भागातली दुकानं फोडली. पोलिसांच्या गाड्यांना ती गाठताच येईना. पुढं ती कुणाला सापडलीही नाही. "म्हणजे ब्रिटनला आलेल्या 320 मधली एक वजा," मी गमतीनं म्हणालो, आणि बाकीच्या किती उरल्या असतील हा किडा डोक्यात शिरला.

गाडी तशी साध्या घरातली. व्हॉक्सहॉल-ओपेलची चार दारांची सेडान, इंग्लंडमधल्या हेथेलला लोटस या स्पोर्ट्स कार कंपनीकडं नेऊन तिचं इंजिन 3615 सीसीचं केलं, दोन टर्बो लावले, 377 अश्वशक्ती काढली. वेग ताशी 283 किलोमीटर. 1100 बनवायच्या ठरल्या होत्या, पण मंदी आली आणि 1992 मध्ये 950 वर काम थांबलं. त्यातल्या 320 व्हॉक्सहॉलच्या नावानं ब्रिटनला, बाकी 630 ओपेलच्या नावानं युरोपात. मी फक्त 320 चा हिशोब धरला.

वाहन नोंदणीचे सरकारी आकडे फुकट मिळतात, म्हटलं तासाभरात काम होईल. दर तिमाहीला प्रत्येक मॉडेलच्या किती गाड्यांचा रस्ताकर भरलेला आहे आणि किती सॉर्नवर आहेत, म्हणजे मालकानं 'रस्त्यावर काढत नाही' असं लिहून दिलंय, हे त्यात वेगवेगळं दाखवतात. पण नोंदीत मॉडेलचं नाव कुणी कसं टाकलंय त्यावर सगळं. नुसतं 'कार्ल्टन' लिहिलं असेल तर माझी हिरवी वाघीण हजारो गरीब कार्ल्टनांच्या कळपात हरवली.

मग उलट दिशेनं निघालो. जुनी मासिकं, विक्रीच्या जाहिराती, हौशी मालकांच्या मेळाव्यातले फोटो, जिथं नंबर प्लेट दिसेल तिथून ती वहीत उतरवायची आणि डीव्हीएलएच्या, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याच्या साइटवर टाकायची. तिथं मॉडेल दाखवत नाहीत, पण 'व्हॉक्सहॉल, हिरवा, 3615 सीसी' एवढं दिसलं की ओळख पटलीच. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा इतिहास 2005 पासूनचा मिळतो. त्यात दर वर्षीचे मैल वाचताना मजा यायची: गाडी सलग चार वर्षं वीस-वीस मैलच चाललेली, म्हणजे घर ते तपासणी केंद्र आणि परत.

इथं मी एक मोठी चूक केली. ब्रिटनमध्ये हौशी लोक नंबर बदलतात. एकच गाडी माझ्या वहीत दोन नंबरांनी दोनदा आली होती. मैलांचे आकडे तंतोतंत जुळले तेव्हा कळलं, आणि अख्खी यादी पुन्हा तपासावी लागली.

शेवटी तळ्यातले मासे मोजण्याची युक्ती वापरली: काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि त्यात खुणेचे किती आले यावरून एकूण अंदाज बांधायचा. एक यादी मेळाव्यांची, दुसरी जाहिरातींची. समजा पहिलीत 60, दुसरीत 40 आणि दोन्हींत असलेल्या 24, तर एकूण अंदाज 60 गुणिले 40 भागिले 24, म्हणजे 100. फक्त मेळाव्याला चमकवून नेलेली गाडीच पुढं विकायलाही निघते, त्यामुळं समान नावं वाढतात आणि अंदाज खाली येतो. म्हणून आलेल्या आकड्याला मी 'निदान एवढ्या' असंच म्हणतो. परदेशात विकलेल्या आणखी वेगळ्या. त्या जिवंत असून इथल्या नोंदीत मेलेल्या.

गेल्या उन्हाळ्यात एका मेळाव्यात वही बघून एक निवृत्त गृहस्थ जवळ आले. त्यांच्या गॅरेजमध्ये एक उभी आहे, 1996 मध्ये क्लच गेला तेव्हापासून. कर तेव्हाच थांबवला. सॉर्नचा नियम लागू झाला 31 जानेवारी 1998 ला, आणि त्याआधीच कर संपलेल्या गाडीला सॉर्न लागतच नाही. एमओटी अर्थातच नाही. विकायची नाही म्हणून जाहिरात नाही.

"मग तुमच्या हिशोबात मी कुठं बसतो?" त्यांनी विचारलं.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि त्यांच्याकडून नंबर लिहून घेतला. आता त्या पानावर अशा तीन आहेत.