मिडगार पुन्हा उभे राहताना

१९९७ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या व्हिडिओ गेममध्ये मिडगार हे शहर काही तासांत मागे पडत असे, २०२० च्या रिमेकने त्याच शहरावर संपूर्ण गेम उभा केला आणि चाहत्यांमध्ये वादाला तोंड फुटले. मला हा विस्तार मनापासून आवडला. मूळ गेममध्ये ठोकळ्यांसारख्या हातांची पात्रे स्थिर चित्रांवर वावरत आणि संवाद केवळ वाचायचे असत. आता चर्चमधल्या फुलांपाशी एरिथ ही फुले विकणारी नायिका बोलते, तेव्हा तिच्या आवाजातला खेळकरपणा ऐकू येतो. कथानकातले बदल मात्र खटकतात, कारण मूळ कथा ठाऊक नसलेल्या खेळाडूला त्यांचा नीट अर्थच लागत नाही. लढाईत आता आज्ञा निवडण्याऐवजी नुसती बटणे दाबत राहायची, ही तक्रार मला पटत नाही: एटीबीची (‘अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल’, म्हणजे पुढची चाल करण्याची संधी दाखवणारी) पट्टी भरल्यावर आज्ञा निवडणे अजूनही आहेच, फक्त मधल्या वेळात तलवार आपल्या हाती असते.