काकवी बसली, आणि दगडफूलही सापडलं

शनिवारी पहाटे साडेपाचला किल्न, म्हणजे भट्टी, उघडली तेव्हा काटा 90 अंशांवर होता. अजून थांबायला हवं होतं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. हातमोजे चढवले, वरच्या शेल्फवरची 49 नंबरची चाचणीची टाइल उचलली, खिडकीपाशी नेली आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. अखंड ग्लेझ, म्हणजे मातीवर भाजून बसणारा काचेसारखा थर. एक सुईएवढीही जागा उघडी नाही. थर जाड आहे तिथे काळं कुळकुळीत, आणि कडेला पातळ झालंय तिथे वाटीतली काकवी उन्हात धरल्यावर काठाला दिसतो तो रंग, म्हणून या ग्लेझला मी काकवीच म्हणते. आईला फोन करून उठवलं. तिला ग्लेझमधलं काही कळत नाही, पण "बसलं का गं एकदाचं?" एवढं तिनेच विचारलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आठ वर्षं मी तयार पांढरं ग्लेझ वापरून मग आणि वाट्या केल्या. त्या विकल्या जातात आणि माझा हात त्यावर बसलाय. पण घराबाहेर पाऊल टाकलं की पायाखाली दख्खनचा काळा दगड आणि माझ्या मगवर मात्र कुठल्याही शहरात दिसेल असा पांढरा रंग, हे मला टोचायला लागलं होतं. म्हणून ग्लेझ इथल्याच दगडमातीचं करायचं ठरवलं. बेसाल्ट म्हणजे साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हाच. तो एकदा वितळलेला आहे, त्यात लोह आहे, चुना आणि मॅग्नेशियाही आहे. ग्लेझचं निम्मं काम दगडानेच करून ठेवलंय. जपानमध्ये माशिको गावात शोजी हामादांनी गावच्याच दगडाच्या पुडीचं तांबूस तपकिरी ग्लेझ आयुष्यभर वापरलं. मग आपण क्रशरची कच, म्हणजे दगड फोडताना पडणारी बारीक पूड, का वापरू नये?

या ग्लेझची कृती, मागच्या लेखात दिली होती तीच: बेसाल्टची कच 50, रत्नागिरीच्या जांभ्याची लाल माती 25, चुलीची धुतलेली राख 15, बोरॉन फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच) 10. भट्टी कोन 6 पर्यंत, म्हणजे साधारण 1222 अंश, वर पंधरा मिनिटं सोक, म्हणजे त्याच तापमानावर थांबायचं.

अडचण एकच: क्रॉलिंग. पहिल्या टाइलपासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत ग्लेझ आक्रसून गोळा होत होतं आणि मधे उघडी बिस्क, म्हणजे एकदा भाजलेली कोरी माती, दिसत होती. धूळ असेल म्हणून प्रत्येक टाइल ओल्या स्पंजने पुसली. हाताचं तेल लागत असेल म्हणून बिस्क झाल्यावर टाइल फक्त चिमट्याने धरल्या. थर जाड होतोय म्हणून 100 मिली घोळाचं वजन 150 ग्रॅमवरून 142 वर आणलं. मग सीएमसीचा डिंक घातला, त्याने जेमतेम चार टाइल थोड्या सुधारल्या आणि बादलीला तिसऱ्या दिवशी वास सुटला. बॉल मिल, म्हणजे गोळ्यांनी दळायचं यंत्र, चार तासांऐवजी आठ तास चालवली, तर आणखी बिघडलं. तेव्हा ते कोडं वाटलं होतं, आता कळतंय की जितकी बारीक दळाल तितकी माती वाळताना जास्त आक्रसते. सव्वादोन महिने यात गेले.

या काळात एकदा मी सगळं आवरून ठेवलं होतं. प्रदर्शनाची तारीख ठरली होती, एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी सहा पांढरे मग मागितले, मी ते दोन दिवसांत करून दिले. चाकावर बसल्यावर हात कसे आपोआप चालत होते! आपल्याला हेच येतं, उगाच दुसऱ्या वाटेला लागलो, असं वाटलं. पण त्याच संध्याकाळी पॅलेटवर सांडलेल्या कचेत नकळत बोट फिरवत बसले होते. त्या दिवसापासून एक नियम केला. आठवड्याला सहा टाइल करायच्या. त्या चांगल्या निघाल्या पाहिजेत अशी अट नाही, फक्त सहा झाल्या पाहिजेत आणि वहीत उतरल्या पाहिजेत. या ग्लेझचा एकही मग करायचा नाही, म्हणजे मन लावून केलेलं भांडं वाया गेल्याचं दुःख नाही. तुमच्यापैकी जे स्लिपकास्टिंग (साच्यात पातळ माती ओतणं) सोडून हँडबिल्डिंगकडे (हाताने भांडं घडवणं) वळताय त्यांनी हे जरूर करून बघा. मला याने तग धरता आला.

उलगडा झाला तो कुंभारवाड्यात. राखेसाठी मी ज्या मामांकडे जाते ते रांजणाची माती मळत होते आणि शेजारी लाल भुगा चाळून ठेवला होता.

"मामा, हे काय घालताय?"

"विटकरीचा भुगा, ताई. नुसती कच्ची माती आकसती, मोठं भांडं तडकतं. भाजलेली माती आकसत न्हाई, तिचं आकसून झालेलं असतं."

मी तिथेच उभी राहिले. हा भाजलेला भुगा, म्हणजे ग्रॉग, मी मातीत शंभर वेळा घातला असेल. ग्लेझमधल्या मातीला तोच न्याय लागतो हे डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन एक टाइल बुडवली आणि वाळताना भिंगातून पाहत बसले. दहाव्या मिनिटाला बारीक रेषा उमटायला लागल्या, उन्हाळ्यात तळ्याचा तळ आटतो तशा. म्हणजे ग्लेझ भट्टीत जायच्या आधीच फाटत होतं, आणि मी दोष भट्टीत शोधत होते.

जांभ्याची निम्मी माती बिस्कच्या भांड्यात भरून 700 अंशांवर भाजली. वरच्या शेल्फला ठेवली होती, तपकिरी गेली आणि विटेसारखी लाल होऊन आली. बोटात चोळली तर खरखरीत, पाणी घातलं तरी लोण्यासारखी होईना. 25 पैकी 12 भाजलेली, 13 कच्ची. सगळीच भाजली असती तर ग्लेझ बादलीत तळाला बसलं असतं, कच्ची हवीच. ती 49 नंबरची टाइल.

कडेवर जास्त काकवी यावी म्हणून भट्टी थंड होताना 1000 ते 850 अंश हा टप्पा ताशी 50 अंशांनी घेतला. त्या टाइलवर रात्रभर लिंबाची फोड ठेवली होती, सकाळी खाली डाग नाही, चकाकी तशीच. ही घरगुती चाचणी आहे, विक्रीआधी प्रयोगशाळेतून तपासून घेणार.

पुरवठादारांबद्दल: फ्रिट यावेळी ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या पिशवीवर रसायनांचं प्रमाणच छापलेलं नाही, विचारलं तर "सगळे हेच वापरतात." नाव लिहीत नाही. पण माहितीपत्रक नसेल तर फ्रिट घेऊ नका, किलोला पन्नास रुपये जास्त मोजा. कच मात्र क्रशरवाल्यांनी पोतंभर फुकट दिली आणि काय करणार म्हणून दहा प्रश्न विचारले. 80 ची चाळणी (इंचाला 80 भोकं) पुरते, 120 च्या मागे लागू नका.

आता ठरलं होतं असं की तीस मग सरळ काकवीत बुडवायचे. हे लिहिता लिहिता टेबलावरच्या फसलेल्या टाइल रांगेत लावल्या, फोटोसाठी. 31 नंबरची हातात घेतली आणि थांबले. उघड्या बिस्कवर काळे-तपकिरी ठिपके, कडेला उचललेले, अगदी काळ्या कातळावर दगडफूल चढतं तसे. ही टाइल मी दोनदा फेकायला काढली होती! आक्रसणारं ग्लेझ मुद्दाम हवं असेल तर काय करायचं ते मला आता पक्कं माहीत आहे: सगळी माती कच्ची आणि आठ तास मिल.

म्हणून बेत बदलला. तीसऐवजी सहाच मग. आतून आणि ओठाला काकवी, म्हणजे चहा लागतो तिथे अखंड ग्लेझ. बाहेरून खालच्या दोन तृतीयांश भागावर दगडफूल. दोन्हीतलं सामान आणि प्रमाण एकच, फरक फक्त माती भाजण्याचा आणि दळण्याचा. दोन ग्लेझ भेटतात तिथे काय होईल याची मला धास्ती आहे, सोललं गेलं तर शेल्फ जाईल, म्हणून खाली किल्न वॉशचे (ग्लेझ शेल्फला चिकटू नये म्हणून लावतात तो लेप) दोन हात आणि बिस्कच्या चकत्या. रंगावर राखेचा परिणाम किती हे बघायला सातव्या मगऐवजी भाताच्या तुसाच्या राखेची एक टाइल ठेवतेय, तिच्यात सिलिका भरपूर असते.

बिस्क बुधवारी. रविवारी पेटवते. कुणी एकाच भांड्यावर आक्रसणारं आणि सपाट ग्लेझ शेजारी शेजारी लावलं असेल तर जोडावर किती मिलिमीटर मोकळे सोडले ते शनिवारच्या आत सांगा.