वायर लागलेली, नेट गायब

दुकानातला लॅपटॉप जुना. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट थांबले, 11 याच्यावर चढेना, म्हणून भाच्यानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून दिली. फॉर्म, प्रिंट, पीडीएफ सगळं नीट चालतं. माझं घोडं अडलं ते नेट बदलवताना.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. इथं एका नेटवर धंदा होत नाही. दुकानात फायबर आहे, राउटरमधून लॅनची वायर थेट लॅपटॉपला. लाईन, म्हणजे वीज, गेली की राउटर बंद, मग फोन यूएसबीनं जोडायचा. घरी वाय-फाय. तिन्हींची ये-जा लॅपटॉप आपोआप करायचा, म्हणून मी कधी डोकं लावलं नव्हतं.

जूनचा पहिला आठवडा. पेरणी तोंडावर, पीककर्जासाठी सातबारा काढायला पाच-सहा जण बाकावर. राउटरवरचा एक दिवा अचानक लाल. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. मी सवयीनं फोन जोडला, टेदरिंग म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्यायची सोय चालू केली. कोपऱ्यात ‘कनेक्टेड’ची खूण आली, पण पान काही उघडेना.

“निघून राह्यला का सातबारा, भाऊ?”

“निघते काकाजी, नेट बदलवून राह्यलो.”

“फोनवर तं चालूच हाय न! मंग लॅपटॉपले काय झालं?”

मलाही तेच कळत नव्हतं. दोनदा रिस्टार्ट केलं. शेवटी वैतागून लॅनची वायर उपटली आणि पान झटकन उघडलं. काकाजी म्हणाले, “हे अगोदर कराचं होतं न बाप्पा.”

रात्री घरी बसून शोधलं. टर्मिनल म्हणजे कमांड लिहायची खिडकी, तिच्यात ‘आयपी रूट’ लिहिलं की बाहेर जायच्या वाटा दिसतात. ‘डीफॉल्ट’नं सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीत ‘मेट्रिक’ नावाचा आकडा असतो, आणि ज्याचा आकडा लहान त्याच वाटेनं सगळं जातं. लॅपटॉपमधल्या नेट-जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे नेटवर्क मॅनेजर; तो लॅनला 100 देतो, वाय-फायला 600. यूएसबीनं जोडलेला फोन त्याच्या लेखी लॅनच, म्हणून त्याला 101. म्हणजे माझं सगळं काम 100 च्या वाटेनं तुटलेल्या केबलकडे जात होतं, फोन बिचारा एका आकड्यानं मागे.

लाईन जायची तेव्हा हे का झालं नाही, तेही उलगडलं. राउटर बंद पडला की वायरच मेली, ती वाट लॅपटॉप स्वतःच काढून टाकतो. त्या दिवशी राउटर जिवंत होता, पुढचं नेट मेलेलं. लॅपटॉपला वायरीतला जीव कळतो, पलीकडचं नाही. नेट खरंच आहे का हे तपासायची सोय नेटवर्क मॅनेजरमध्ये आहे म्हणा. ती चालू असली तर नेट नसलेल्या वाटेच्या आकड्यात 20000 ची भर पडते. माझ्याकडे ती बंद होती. चालू केली, पण ती तपासणी एरवी 300 सेकंदांनी होते. तेवढा वेळ काकाजींना काय सांगू?

मग माझी एक फजिती. सेटिंगमध्ये ‘प्रायॉरिटी’ दिसली, फोनला 10 दिली. ढिम्म फरक नाही. तो आकडा फक्त कोणती जोडणी आधी आपोआप लागावी एवढंच ठरवतो, आणि तिथं मोठा आकडा पुढे. मेट्रिकच्या बरोबर उलटं! हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा आमच्या बाकावर बसवायला हवं.

मेट्रिक बदलायला ‘एनएमसीएलआय’ ही कमांड. तिच्यात कनेक्शनचं नाव देऊन आयपीव्ही4 (नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत) चं रूट-मेट्रिक 50 केलं फोनला. चाललं. दुसऱ्या दिवशी फोन काढून परत लावला तर गाडं पुन्हा तिथंच. माझा फोन दर वेळी नवा मॅक पत्ता, म्हणजे जोडणीचा ओळख-नंबर, घेऊन येतो, लॅपटॉपला वाटतं पाहुणा नवा, आणि तो त्याच्यासाठी नवं ‘वायर्ड कनेक्शन’ उघडतो. कालचं 50 कालच्याच नावावर.

तेव्हा सुचलं, रोज बदलणाऱ्याला कशाला हात लावायचा? वायर तर जागची हलत नाही. लॅनचंच मेट्रिक 300 केलं, आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) चंही, आणि कनेक्शन एकदा बंद-चालू केलं. आता फोन लावला की तो आपसूक 100 वर बसतो आणि पुढे जातो, काढला की लॅन 300 वर, वाय-फाय 600 वर मागे उभं.

यातही एक खोट निघाली. मागच्या आठवड्यात टेदरिंग चालू ठेवून फोन दुपारभर चार्जिंगला लॅपटॉपलाच लावलेला राहिला. फायबर ठणठणीत असताना फोनचा दिवसाचा डेटा चार वाजताच संपला. आता राउटरवर कागद चिकटवलाय: ‘फोन काढला का?’