हात कामात, कान रेडिओत

बीबीसीने 'रेडिओ टाइम्स' या कार्यक्रमांच्या साप्ताहिकातली जुनी वेळापत्रकं ऑनलाइन टाकलीत आणि मला ती वाचायचा नाद लागलाय. सण नाही, निवडणूक नाही, राणीचा राज्याभिषेक नाही, 1950 च्या दशकातला कुठलाही साधा मंगळवार घ्यायचा. तेव्हा बीबीसीची रेडिओ केंद्रं होती तीन: होम सर्व्हिस जरा गंभीर, थर्ड प्रोग्रॅम एकदम विद्वान (तो उगवायचाच संध्याकाळी), आणि आपला आवडता लाइट प्रोग्रॅम, करमणूकवाला.

वाचत गेलं की कळतं, हे सगळं ठरवणाऱ्याने लोकांच्या कानांपेक्षा हातांचा विचार जास्त केलाय. नवरा कामावर, पोरं शाळेत, की नऊच्या बातम्या संपल्या संपल्या 'हाउसवाइव्हज चॉइस', बायकांची फर्माइशी गाणी, म्हणजे भांडी घासायची वेळ. साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क', आणि हे तर भारीच प्रकरण आहे. 1940 मध्ये ऐन युद्धात कारखान्यांसाठी सुरू झालं, कर्ण्यावरून गाणी वाजणार आणि कामगार उत्साहात माल काढणार. पण त्याचे नियम काय तर संथ काही नको, झोप येते. मध्येच आवाज हळू नको, मशीनच्या खडखडाटात ऐकूच येत नाही. एका अमेरिकन गाण्यात मध्ये मध्ये टाळ्या होत्या, ते सरळ बाद, कारण लोक हातातलं काम सोडून टाळ्या पिटणार, नाहीतर पाना घेऊन समोरचं काहीतरी ठोकत बसणार! ज्याने हा विचार केला त्याने कारखाना आतून नक्की बघितला असणार.

दुपारचं गणित तर अजून बारीक. पावणेदोनला 'लिसन विथ मदर', पाच वर्षांखालच्या पिल्लांसाठी पंधरा मिनिटं, गोष्टीच्या आधी बाई विचारणार, नीट बसलात ना, मग करते सुरू. आणि दोनच्या ठोक्याला 'वुमन्स अवर'. म्हणजे पोर गोष्ट ऐकून झोपलं तर आईला तासभर स्वतःचा, नाही झोपलं तर बीबीसी काय करणार. गंमत म्हणजे 1946 मध्ये हा बायकांचा तास सुरू झाला तेव्हा निवेदक होता पुरुष, अ‍ॅलन आयव्हिमी नावाचा. कौतुक वाटतं आणि रागही येतो बघा, एवढी तुमची दिनचर्या पाठ आहे त्यांना, आणि त्या दिनचर्येत तुम्ही ओट्यापाशीच उभ्या हे पण त्यांनीच ठरवून टाकलंय.

चारच्या चहाच्या आसपास 'मिसेस डेल्स डायरी'. डॉक्टरची बायको, रोज डायरी लिहिणार, आणि नवऱ्याची म्हणजे जिमची काळजी काही संपत नाही. कालचा भाग हुकला तर आज सकाळी परत लागायचा, त्यामुळे जिमपासून सुटका नाहीच. 1948 ते 1969, एवढी वर्षं काळजी करायची म्हणजे पण स्टॅमिना लागतो राव.

संध्याकाळी पावणेसातला 'द आर्चर्स'. 1951 च्या 1 जानेवारीपासून देशभर लागायला लागली ही मालिका, आणि मूळ हेतू काय तर शेतकऱ्यांना शेतीची माहिती देणं, कारण युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी रेशनिंग चालूच होतं, ते गेलं 1954 मध्ये. म्हणजे गाईगुरांची माहिती आणि प्रेमप्रकरण एकाच वाडग्यात कालवून वाढलेलं. लोकांनी प्रेमप्रकरण तेवढं निवडून खाल्लं. 22 सप्टेंबर 1955 ला त्यातल्या ग्रेसला आगीत मारलं, नेमकं त्याच रात्री बीबीसीचं प्रतिस्पर्धी, जाहिरातवालं आयटीव्ही चॅनल सुरू होत होतं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा ग्रेसची, नव्या टीव्हीला विचारतो कोण! योगायोग असेलही, मला नाही वाटत.

रात्री हातातली कामं संपली की विनोदी कार्यक्रम. 'एज्युकेटिंग आर्ची'मध्ये पीटर ब्रफ नावाचा शब्दभ्रमकार ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करायचा, रेडिओवर! ओठ हलले काय नि नाही काय, आणि तरी तो बाहुला देशभर स्टार. तिकडे होम सर्व्हिसवर 1951 पासून 'गून शो', त्यातला अचाट वेडेपणा लिहिणारा स्पाइक मिलिगन जन्माने आपल्या अहमदनगरचा, 1918 चा, बाप ब्रिटिश फौजेत होता म्हणून. हा शो ऐकताना मात्र भांडीबिंडी घासू नयेत, हातातलं काहीतरी फुटणार.