क्रीम, अल्बर्ट हॉल, मे २००५ : ऐकता ऐकता केलेल्या नोंदी

सोमवार, रात्री

दोन सीडी, १९ ट्रॅक. क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचे तिघे, एरिक क्लॅप्टन (गिटार), जॅक ब्रूस (बेस गिटार आणि गायन) आणि जिंजर बेकर (ड्रम), २, ३, ५ आणि ६ मे २००५ या चार रात्री लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजले. त्यातले निवडक ट्रॅक घेऊन ऑक्टोबरात हा अल्बम निघाला. याच हॉलमध्ये २६ नोव्हेंबर १९६८ ला त्यांनी निरोप घेतला होता. मधे १९९३ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात तिघांनी तीन गाणी वाजवली, तेवढीच. म्हणजे साडेछत्तीस वर्षांचा खंड.

क्लॅप्टन तेव्हा ६० वर्षांचा, ब्रूस ६१, बेकर ६५. ब्रूसवर २००३ मध्ये यकृत प्रत्यारोपण झालं होतं आणि शरीराने ते आधी नाकारलंही होतं. बेकरला संधिवात. हे मनात ठेवून पहिलं गाणं लावलं, ‘आय एम सो ग्लॅड’. पहिल्या मिनिटातच जाणवते ती मोकळी जागा. गिटारचा स्वर संपतो आणि पुढचा सुरू होतो, त्या मधल्या फटीत बेस ऐकू येतो. बेस थांबतो तिथे बेकरचा उजवा पाय, म्हणजे पायाने वाजणारा बेस ड्रम. १९६८ च्या त्यांच्या थेट ध्वनिमुद्रणांत या फटी जवळजवळ नाहीतच.

हा अल्बम चांगला का आहे, याचं उत्तर या जागेत आहे असं वाटतं. तिघांनी आवाज उतरवला. बाकी सगळं त्यातून आलं.

मंगळवार

काल लिहिलं ते पडताळायला १९६८ चं काढून बसलो. मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मुद्रित झालेलं ‘स्पूनफुल’ पावणेसतरा मिनिटांचं आहे, २००५ चं साडेसात मिनिटांच्या आसपास. बेकरचं ड्रमवादन, ‘टोड’, तेव्हा सव्वासोळा मिनिटं चालायचं, आता दहा. लांबी कमी होण्याचं कारण नुसतं वय नव्हे. त्या काळी क्लॅप्टन आणि ब्रूस दोघांच्याही मागे मार्शल कंपनीचे १०० वॉटचे अँप (वाद्याचा आवाज वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर) आणि माणसाच्या उंचीच्या स्पीकर-पेट्यांचे ढीग असत. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर रंगमंचावर जवळजवळ नसायचेच. गिटारच्या भिंतीपुढे ड्रमला नुसत्या हातापायांच्या जोरावर टिकून राहावं लागे. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवणार. क्लॅप्टन मध्येच वाजवायचा थांबला आणि उरलेल्या दोघांना पत्ताच लागला नाही, हा प्रसंग बँडच्या लोकांनीच सांगितलेला आहे.

अँपच्या गणितात इथे नेहमी गफलत होते. ५० वॉटचा अँप काढून १०० चा लावला की आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबलच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. उलट बाजूने तोच हिशेब फायद्याचा आहे. मोठा ढीग काढून छोटा अँप ठेवला तरी श्रोत्याचं फारसं बिघडत नाही, कारण श्रोत्यांपर्यंत पोचवायला हॉलची यंत्रणा आहेच. वादकाला मात्र शेजारचा ऐकू यायला लागतो. २००५ मध्ये क्लॅप्टनने गिब्सन गिटार आणि मार्शलचे अँप दोन्ही बाजूला ठेवून फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार आणि फेंडरचाच जुन्या घडणीचा अँप घेतला. जुन्या चाहत्यांना ही गोष्ट खुपली. गिब्सनचा तो जाड, दुधाळ आवाज हवा होता, असं ते म्हणतात. मागणी समजण्यासारखी आहे. पण स्ट्रॅटोकास्टरचा आवाज अरुंद, वरच्या पट्टीत चमकणारा. तो मधल्या सप्तकातली जागा ब्रूसला मोकळी करून देतो. तीनच वाद्यं असताना हे फार मोलाचं.

बुधवार

हॉलबद्दल. अल्बर्ट हॉल १८७१ चा, लंबवर्तुळाकार, वर घुमट, आत पाच हजारांहून जास्त माणसं. घुमटाची उंची सुमारे ४१ मीटर. रंगमंचावरून वर गेलेला आवाज घुमटावर आदळून खाली येईपर्यंत ८० मीटरच्या आसपास प्रवास करतो. सेकंदाला ३४३ मीटर धरले तर जवळजवळ पाव सेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे प्रत्येक टिपरीचा प्रतिध्वनी बरोबर दोन ठोक्यांच्या मधे येऊन पडणार. ठेका दुप्पट लयीत गेल्याचा भास होतो आणि कान गोंधळतात. शिवाय गोल भिंती आवाज पसरवत नाहीत, गोळा करून एका जागी टाकतात.

यावर उपाय म्हणून १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या बशा टांगल्या. हॉलवाले त्यांना ‘मशरूम’ म्हणतात. आधी १३५ होत्या, २००१ मध्ये ८५ केल्या. म्हणजे नोव्हेंबर १९६८ चा निरोप उघड्या घुमटाखाली झाला आणि २००५ चे चार कार्यक्रम या बशांखाली. दोन्हींची तुलना करताना ही गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात. निरोपाचा कार्यक्रम बीबीसीसाठी चित्रित झाला. पण वाजणाऱ्या संगीतावर निवेदन चढवलेलं, आवाज चिखलासारखा. त्याचं रीतसर ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून थेट २०२० मध्ये आलं. ते ऐकून ‘तेव्हा काय जोर होता’ म्हणणाऱ्यांनी जोर किती आणि घुमट किती हे वेगळं करून पाहावं.

बशांनीही सगळं साधत नाही. बेसची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची. त्या स्वराची लहर आठ मीटरहून लांब असते. काही फुटांची बशी तिला काय अडवणार? उंच स्वर विखुरतात, खर्ज तसाच घुमत राहतो. त्याला आवर एकाच ठिकाणी घालता येतो, रंगमंचावर. ब्रूसने बेस चढवला असता तर या हॉलमध्ये मागच्या रांगांना नुसती घरघर ऐकू आली असती आणि माइकनेही तीच टिपली असती.

गुरुवार

थेट मुद्रणात बिघडतं ते असं. प्रत्येक वाद्याला आणि गळ्याला वेगळा माइक, प्रत्येकाचा सिग्नल दोन वाटांनी फोडलेला. एक वाट हॉलच्या स्पीकरकडे, दुसरी मुद्रणाकडे. कागदावर सगळं वेगळं. प्रत्यक्षात गाणाऱ्याचा माइक त्याच्या तोंडापासून दोन इंचांवर, आणि त्याच्या मागे काही फुटांवर मोठ्याने वाजणारा अँप. गायक ओळ संपवून मागे सरकला की माइकमध्ये उरते ती गिटार आणि सिंबलची (ड्रमसोबतच्या झांजांची) सळसळ. मिक्सिंगच्या वेळी गळा उचलायला गेलं की ही सळसळही उचलली जाते. शिवाय ती मुख्य माइकपेक्षा काही मिलिसेकंद उशिराने पोचलेली असते, त्यामुळे दोन्ही मिसळल्यावर काही स्वर एकमेकांना खोडतात आणि ड्रम पोकळ, पत्र्याच्या डब्यासारखा लागतो. ठोकताळा असा की दोन माइकमधलं अंतर, माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवायचं. पण मागचे अँप कमाल आवाजावर असतील तर हा नियमही हात टेकतो.

म्हणून रंगमंच शांत ठेवणं हा मुद्रणाचा अर्धा विजय. या अल्बममध्ये ब्रूसचा गळा स्पष्ट आणि जवळचा लागतो, त्याचं श्रेय नंतरच्या कारागिरीला जितकं, तितकंच त्या चार रात्रींच्या संयमाला आहे.

टाळ्यांचं गणित वेगळं. प्रेक्षकांकडे रोखलेले माइक दूर असतात. ३० मीटरवरच्या माइकपर्यंत रंगमंचाचा आवाज सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो तसाच मिसळला तर ठेका दुहेरी ऐकू येतो. म्हणून तो ट्रॅक तेवढाच पुढे सरकवावा लागतो, किंवा गाणं चालू असताना दाबून ठेवून शेवटी उघडावा लागतो. चार रात्रींतून निवड असल्यामुळे दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांतून एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत जाण्याचं काम होतं. हेडफोन लावून फक्त या जागा ऐकाव्यात. गर्दीचा पोत बदलतो का, कुठली शिट्टी अर्धीच कापली जाते का, ते कळतं. पुनर्मिलनाच्या अल्बममध्ये टाळ्या वाढवून भावना उसनी आणण्याचा मोह मोठा असतो. इथे तो आवरलेला दिसतो.

शुक्रवार, उशिरा

आज फक्त बेकर.

‘वी आर गोइंग राँग’. त्याच्या हातात नेहमीच्या काठ्या नाहीत, मऊ गोळ्याचे मॅलेट आहेत. सहाची लय, आपल्या कानाला दादऱ्याच्या जवळची, टॉमवर (ड्रमच्या संचातल्या मधल्या आकाराच्या ड्रमांवर) अखंड फिरत राहते. वर ब्रूसचा उंच आवाज मात्र अगदी संथ, जणू त्याला खालच्या लयीशी देणंघेणं नाही. मॅलेटमुळे आघाताचं टोक बोथट होतं आणि ड्रम ठोक्यांऐवजी लाटेसारखा वर चढतो. चढ इतका हळू की नेमका कुठे मोठा झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. साध्या काठ्यांनी हे जमलं नसतं. प्रत्येक ठोका सुटा दिसला असता. आणि दोन्ही बाजूंचे मार्शल गर्जत असते तर या चढाची सुरुवातच कोणाला ऐकू आली नसती. अख्ख्या अल्बमात मला हे सर्वांत वरचं वाटतं.

‘व्हाइट रूम’ची सुरुवात पाच मात्रांची आहे. टाळी देऊन मोजावं: एक ते पाच, पुन्हा एक ते पाच, आणि गळा आला की चार. चारांच्या हिशेबाने मोजायला बसलं की दुसऱ्याच आवर्तनात सम चुकते. ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’मध्ये तो दोन आणि चारवर जोर देण्याऐवजी एक आणि तीनवर देतो, म्हणून ते गाणं पुढे धावत नाही, जमिनीत पाय रोवून चालतं. ‘क्रॉसरोड्स’ १९६८ च्या मानाने बरंच सावकाश आहे. पंधरा सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणले की फरक आकड्यात मिळतो. वेग उतरल्याने क्लॅप्टनच्या गिटारीतली ती पाठलाग केल्यासारखी ओढ गेली, हे मान्य करायला हवं. तिथे १९६८ चंच खरं.

‘बॅज’ आणि ‘प्रेस्ड रॅट अँड वॉर्टहॉग’ ही दोन्ही क्रीमने पूर्वी कधीच मंचावर वाजवली नव्हती, त्यामुळे त्यांना तुलनेचं ओझं नाही. ‘रोलिन अँड टम्बलिन’मध्ये बेसच नाही, ब्रूस माउथ ऑर्गन वाजवतो आणि खालची सगळी जागा बेकरच्या दोन बेस ड्रमना मिळते. काही गाण्यांत ब्रूसने पडदे नसलेला बेस घेतलाय. तिथे स्वरावरून स्वरावर मींड घेत जाणं ऐकावं, विशेषतः संथ ब्लूजमध्ये.

शनिवार

त्याच वर्षी २४ ते २६ ऑक्टोबरला तिघे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजले. लंडनसाठी भरपूर तालीम झाली होती, न्यूयॉर्कला तेवढी नाही. बेकरची नंतरची जाहीर तक्रार नेमकी हीच होती: ब्रूसने बेसचा आवाज फार चढवला. क्रीमच्या आधी दोघे ज्यात होते त्या ग्रॅहॅम बाँडच्या बँडपासूनचं या दोघांचं भांडण होतं, ते पुन्हा आवाजाच्या बटणावरच येऊन पोचलं. त्यानंतर क्रीम म्हणून ते वाजले नाहीत. ब्रूस २०१४ मध्ये गेला, बेकर २०१९ मध्ये.

‘स्लीपी टाइम टाइम’ या अल्बममध्ये दोनदा आहे, पहिल्या सीडीवर एकदा आणि दुसरीच्या शेवटी दुसरं वादन म्हणून. आज दोन्ही लागोपाठ लावली. गाणं तेच, माणसं तीच, हॉल तोच. क्लॅप्टनचं सोलो दोन्हीकडे वेगळ्या वाटेने जातं आणि बेकर दोन्ही वेळा त्याला वाट देतो, म्हणजे तो ऐकतोय. उद्या हेडफोनवर फक्त ब्रूसच्या तारेवर कान ठेवून पुन्हा लावायचं.