कॅनडाहून आलेले सहा डिमर

मी बडोद्यात घरांच्या वायरिंगची कामं घेतो. लोकांना वाटतं आमचा दिवस शिडीवर जातो. खरं तर निम्मा दिवस दिलेलं एस्टिमेट परत का बदललं हे समजावण्यात जातो. मे 2024 मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला 11,000 डॉलरच्या वर गेलं, तेव्हापासून वायरच्या 90 मीटरच्या बंडलाचा भाव डीलर सकाळी एक सांगतात, संध्याकाळी दुसरा. 2025 संपता संपता तो उच्चांकही मागे पडला. त्याआधी जुलै 2022 मध्ये एलईडी दिव्यांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झालाच होता. गिऱ्हाईक मार्बलवाल्याला फार बोलत नाही, पण माझ्याशी दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरवरून तासभर घासाघीस करतं. मार्बल पाहुण्यांना दिसतो, वायर भिंतीत जाते.

हे घर कारेलीबागेतलं. काका रेल्वेतून निवृत्त, काकूंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मुलगा कॅनडात. बैठं घर, सगळी वायरिंग जुन्या लाकडी पट्ट्यांतली; कव्हर काढलं की वायरचं इन्सुलेशन हातात भुरभुर गळत होतं. मुलाने तिकडून यादी पाठवली होती: प्रत्येक खोलीत स्मार्ट डिमर, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा स्विच, सगळं मोबाइलवर. मी एस्टिमेट दिलं, काकांनी होकार दिला आणि काम सुरू होईपर्यंत वायरचे भाव चढले. वायरसाठी भिंतीत झिऱ्या मारायला माणसं आली त्या दिवशी सकाळीच काकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "यातलं काय कापायचं ते तूच सांग."

मी म्हटलं, वायरला हात लावणार नाही. अर्थिंगला नाही, गळती झाली की वीज तोडणाऱ्या आरसीसीबीला तर नाहीच. कापायचं तर डिमर कापा.

काका हिशेबी माणूस. "पण डिमरने लाइट बिल वाचतं ना?" हे मला रोज कोणीतरी विचारतं, कारण व्हिडिओ बनवणाऱ्यांनी ते लोकांच्या डोक्यात घालून ठेवलंय. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात त्यात थोडंफार तथ्य होतं. आता बल्बच नऊ वॅटचा. रोज पाच तास निम्म्यावर चालवला तर महिन्याला पाऊण युनिटही वाचत नाही, म्हणजे पाच रुपये धरा. उलट वायफायवाला स्विच दिवा बंद असतानाही जागाच असतो. त्याचा खर्च अर्धा वॅट धरला तरी चोवीस तासांच्या हिशेबाने महिन्याला एक तृतीयांश युनिट तोच खातो. मग हजारांतला डिमर फिटायचा कधी?

"पैसे वाचवायचे तर पंखे बदला," मी म्हटलं. जुना पंखा पंचाहत्तर वॅट ओढतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट. फक्त त्याला रेग्युलेटर लावायचा नाही, सरळ स्विचवर द्यायचा. जुना रेग्युलेटर मध्ये राहू दिला आणि आतलं सर्किट गेलं, की लोक पंख्याला शिव्या घालतात.

काकांनी कागदाच्या मागे पेन्सिलने आकडेमोड केली, मान हलवली आणि आत जाऊन एक खोकं घेऊन आले. "पण डिमरचा खर्च आहेच कुठे? हे आलेत की." मुलाने तिकडच्या सेलमध्ये सहा डिमर घेऊन ओळखीच्या माणसाच्या सामानातून पाठवले होते. 'इथे भाव वाढायच्या आत घेऊन टाकले' अशी चिठ्ठीही होती. काकांनी ती मला वाचून दाखवली.

मी एक डिमर उचलून उलटा केला. बारीक अक्षरात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 230 आणि 50. आत विजेचा झटका अडवणारा जो व्हॅरिस्टर असतो, तो 120 च्या लाइनसाठी निवडलेला. त्याला 230 दिले की पहिला तोच फुटतो, आणि फुटतो म्हणजे आवाजासकट. बाहेर निघालेल्या वायरी पाहून तर मला घामच फुटला. तिकडे काळी वायर म्हणजे वीज आणणारी फेज, पांढरी म्हणजे परतीची न्यूट्रल. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. माझ्याकडे नवीन पोरगा आहे, हुशार आहे, पण 'काळ्याला काळी' जोडून मोकळा झाला असता. आयटीआयमधून पोरं वायर सोलायला शिकून येतात, लेबल वाचायला नाही.

काकांनी हार मानली नाही. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावू म्हणाले. मी म्हटलं, काका, नऊ वॅटच्या दिव्यामागे खोक्याएवढा ट्रान्सफॉर्मर, तो दिवा विझल्यावरही गरम राहणार आणि तुमच्याच मीटरवर चालणार. शिवाय तिकडे एका पेटीत एकच उभा स्विच बसतो, आपल्या मॉड्युलर प्लेटमध्ये हा बसायचाच नाही. मग निदान एक तरी पंख्याला लाव, म्हणाले. दिव्याच्या डिमरवर पंखा चालवला तर रात्रभर गुणगुणत राहील, असं मी म्हटलं. तेव्हा ते खुर्चीत टेकले.

माझ्या पिशवीत टेस्टिंगचा बोर्ड असतो: एक होल्डर, एक साधा स्विच, दोन प्रकारचे डिमर. काकूंना दाखवायला तो डायनिंग टेबलवर मांडला. आधी जुन्या पद्धतीचा डिमर, ज्याला निदान चाळीस वॅटचं ओझं लागतं. त्यावर दुकानातला नेहमीचा एलईडी बल्ब लावला आणि नॉब खाली आणला. बल्ब लुकलुकायला लागला, आणि काकांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. मग एलईडीसाठीचा डिमर आणि डिमेबल लिहिलेला बल्ब लावला, तेव्हा उजेड मुकाट खाली उतरला. लोक महागडा डिमर घेतात आणि बल्ब मात्र नेहमीचाच लावतात. मग डिमर खराब आहे म्हणून मला फोन.

काकू इतका वेळ दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाचताना हा मऊ उजेड बरा वाटेल. रात्री उठायला मला झिरोचा बल्ब पुरे." अर्ध्या वॅटचा झिरो. मुलाच्या यादीत बाथरूमच्या बोळातही स्मार्ट डिमर होता, आणि त्या बोर्डात सॉकेट नसल्यामुळे न्यूट्रलच नव्हतं. तिथे न्यूट्रलशिवाय चालणारा लावला असता, तर तो स्वतःपुरता करंट दिव्यातूनच ओढतो आणि बंद दिवाही रात्रभर मिणमिणत राहतो.

मग पटापट ठरलं. काकूंच्या पलंगापाशी आणि जेवणाच्या टेबलावर खरे डिमर, गच्चीच्या जिन्यावर खालून-वरून दोन्हीकडून चालणारा टू-वे स्विच, बाकी सगळीकडे साधे स्विच, वाचलेल्या पैशांत दोन पंखे. माझा नफा कमी झाला. बाजारात कोणी याला अक्कल म्हणणार नाही.

संध्याकाळी मी निघताना काका गेटपर्यंत आले. काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "त्यातला एक हॉलमध्ये लावून दे. जोडू नकोस. डिसेंबरात तो येतोय."

मी दोन दिवस टाळलं. बंद पडलेली वस्तू भिंतीवर मिरवायची हे मला पटत नव्हतं. उद्या कोणी दुसरा वायरमन येईल, याला सप्लाय नाही म्हणून भला माणूस फेज ओढून देईल. शेवटी टीव्हीमागच्या प्लायच्या पॅनेलला खाच पाडून बसवला. त्याच्या आसपास एकही वायर नेली नाही, त्याच्या वायरींची टोकं टेपने बांधली, आणि पाठीवर मार्करने मराठी-गुजराती दोन्हीत लिहिलं: 120 व्होल्ट, जोडू नये. काकांनी पांढऱ्या प्लेटवरून रुमाल फिरवला आणि फोटो काढून लगेच पाठवला. बिलात मी तो धरला नाही.

वायरमनने असं करावं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. वीज नाही म्हणजे धोका नाही, इथपर्यंत माझा मला हिशेब लागतो. त्यापुढचा प्रश्न मुलाला काय कळायला हवं याचा आहे, आणि तो माझ्या कंत्राटात बसत नाही असं म्हणून मी सुटतो. पण तरी एवढ्या लांबून आईवडिलांसाठी माल घेणाऱ्याला कोणीतरी व्होल्टेज सांगायला हवं, नाहीतर पुढच्या सेलमध्ये तो आणखी काहीतरी धाडेल. सांगायचं तर बापाला उघडं न पाडता कसं सांगायचं?

परवा मुलाचाच मेसेज आला. काकांनी माझा नंबर दिला होता. "दादा, हॉलमधला डिमर मस्त दिसतोय. माझ्या अ‍ॅपमध्ये घ्यायचाय, त्याच्या क्यूआर कोडचा फोटो पाठवाल का?" कोड मागच्या बाजूला आहे, मार्करच्या अक्षरांशेजारी. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज दुपारी तिकडूनच जाणार आहे, आधी काकांना विचारतो.